शेरा क्रमांक त्रेचाळीस

चाळणीबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, बाकी कुठे नव्हतं. ऑफिसात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे चाळणीबाई म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून त्या खूशही होत्या. परदेशी मदतीवर कुठे रस्ता, पूल, धरण व्हायचं असलं, की त्या कामाने झाडांचं, पाण्याचं, माणसांचं काय होईल याचा जाडजूड अहवाल आधी लिहावा लागे. लिहिणारे बाहेरचे सल्लागार. वाचणाऱ्या या. यांनी वाचल्याशिवाय कागद पुढे सरकायचा नाही. सव्वीस वर्षं त्या खडे वेचत आल्या होत्या. एका सल्लागाराने डोंगरातल्या अहवालात समुद्रातली कासवं घातलेली त्यांनी पकडली होती. जुना अहवाल उचलून नवा करताना कासवंही तशीच चालत आली होती. ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि नवा माणूस हसला नाही तर पुन्हा सांगत.

अशा बाईंच्या टेबलावर एका सोमवारी डोंगररस्त्याचा अहवाल येऊन पडला आणि पहिल्याच पानावर शेपूटचं नाव दिसलं.

शेपूट म्हणजे त्यांचीच शिष्या. अकरा वर्षांपूर्वी हाताखाली आली तेव्हा तिला ओढा कुठला आणि गटार कुठलं हेसुद्धा धड कळत नव्हतं. बाई जातील तिथे ही मागे मागे, म्हणून ते नाव बाईंनीच ठेवलेलं. बाईंनी तिला सगळं शिकवलं. ज्या गावाबद्दल लिहायचं त्या गावचं पाणी आधी प्यायचं. रस्त्याचा अहवाल हातात आला की रस्ता वाचत बसायचं नाही, रस्त्याला लागणारा दगड कुठून येणार ते आधी शोधायचं, कारण खरी नासधूस तिथे होते. ती हे सगळं वहीत टिपून घ्यायची, देखण्या अक्षरात. बाईंचं स्वतःचं अक्षर म्हणजे डॉक्टरांनाही लाज वाटावी असं.

मग ती नोकरी सोडून स्वतः सल्लागार झाली, आणि काय विचारता, जिकडे तिकडे तिचाच उदो उदो. नव्या भरती झालेल्यांना नमुना म्हणून तिचा अहवाल दाखवायला लागले. एकदा भर बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "अहवाल कसा असावा ते हिच्याकडून शिका सगळ्यांनी." सगळ्यांनी म्हणताना त्यांची नजर बाईंवरूनही फिरली. बाईंचा चहा त्या दिवशी तसाच राहिला. कुणीतरी शेपूटला विचारलं, हे सगळं कुठे शिकलात, तर ती लगेच म्हणाली, "आमच्या ताईंकडे." त्याने तर बाईंना आणखीच झोंबलं. नाव घेतलं नसतं तर कृतघ्न म्हणून चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आता तिचाच अहवाल समोर होता. बाईंनी पदर खोचला आणि बसल्या.

दोन दिवस वाचलं. अहवाल चांगला होता, हेच तर दुखणं होतं. झाडं मोजलेली होती, ओढ्याचं पाणी दोन्ही ऋतूंत तपासलेलं होतं, वस्तीवस्तीत बायकांशी वेगळं बसून बोलणं झालेलं होतं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले होते. पान उलटलं की बाईंच्या कपाळावर एक आठी जास्त. समास कमी सोडलाय, लिहिलं. फोटो क्रमांक बारा वाकडा आहे, लिहिलं. असे करत करत शेरे वाढत गेले, पण शेऱ्यांत जीव नव्हता आणि ते त्यांनाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या शेवटच्या परिशिष्टापाशी पोचल्या. परिशिष्ट नऊ. ठेकेदाराचं एक पत्र आणि घडी घातलेला नकाशा. पत्रात एवढंच होतं, की नदीकाठच्या खाणीतून दगड काढायला परवानगी मिळाली नाही, तरी आता दगड वरच्या वस्तीजवळच्या डोंगरातून काढण्यात येईल. बाईंनी तिसरं प्रकरण उघडलं. तिथे खाण अजून नदीकाठीच होती. पत्र मागाहून आलेलं दिसत होतं; ते अहवालाला टाचलं गेलं, पण वाचलं कुणीच नव्हतं. बाईंनी परिशिष्टातला नकाशा गावच्या नकाशावर ठेवला आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले. नवी खाण झऱ्याच्या बरोबर डोक्यावर आली. वरच्या वस्तीतली चाळीस घरं त्या एका झऱ्यावर जगत होती. डोंगरात सुरुंग लागले की झऱ्याची आतली वाट मोडते. पाणी दुसरीकडे कुठेतरी निघून जातं, आणि गेलं की गेलं.

आणि बाईंना आनंद झाला.

लपवण्यात काय अर्थ आहे, झाला. हातात कागद धरून खिडकीशी उभ्या असलेल्या त्या बावन्न वर्षांच्या बाईला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या. दगड कुठून येणार ते आधी बघ, हा पहिला धडा, आणि शेपूट नेमकी तिथेच घसरली होती.

यानंतर कुठल्याही सरळ माणसाने काय केलं असतं? फोन उचलून सांगितलं असतं, की बाई गं, खाण बघ. पण मग शेपूटने आठ दिवसांत दुरुस्ती केली असती आणि साहेब म्हणाले असते, बघा किती तत्पर आहे. छे! बाईंना ते नको होतं. महिनाअखेरीस मोठी बैठक असते. तिथे सल्लागाराला समोर बसवून सगळ्यांदेखत प्रश्न विचारतात. बाईंना ती खोली डोळ्यांसमोर दिसायला लागली. आपण चष्मा पुसतोय, सावकाश म्हणतोय, शेरा क्रमांक त्रेचाळीस बघता का जरा? आणि शेपूटच्या तोंडचं पाणी पळालंय.

म्हणून त्यांनी शेरे वाढवून एकाहत्तर केले. बेचाळीसावा समासाचा, चव्वेचाळीसावा फोटोखालच्या मजकुराचा, आणि मध्ये त्रेचाळीसावा: "प्रकरण तीन व परिशिष्ट नऊ यांत मेळ घालावा." बस्स. झरा नाही, खाण नाही, सुरुंग नाही. वाचणाऱ्याचा डोळा घसरून पुढे जावा असं वाक्य लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

घरी यजमान पेपर तपासत बसले होते. ते शाळेत गणिताचे मास्तर.

"आज उशीर? किती शेरे काढलेस?"

"एकाहत्तर."

"बाप रे! आमच्या वर्गातल्या सगळ्यात दिव्य पोराच्या पेपरातसुद्धा एवढ्या चुका नसतात. कुणाचा अहवाल गं?"

"आहे एकीचा."

मास्तरांनी लाल पेन खाली ठेवलं. "शेपूटचा?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. एकाहत्तरांत चुकांचे किती आणि पोटदुखीचे किती, एवढंच विचारतोय. बेरीज जुळायला हवी."

"तुम्ही तुमचे पेपर तपासा," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटली. मास्तरांचं शेपूटवर प्रेम होतं. ती घरी येई तेव्हा दोघं कोडी सोडवत बसायची, आणि तेव्हाही बाईंना आतून कुठेतरी टोचायचंच.

दहा-बारा दिवसांत उत्तरं आली. एकाहत्तरच्या एकाहत्तर शेऱ्यांना, तक्त्यात, ओळीने. समास वाढवला आहे. फोटो सरळ केला आहे. त्रेचाळीसाव्यासमोर लिहिलं होतं, "नोंद घेतली. धन्यवाद." मेळ काही घातलेला नव्हता. बाईंनी तीनदा बघून खात्री केली. सापळा बसला होता. सोबत एक चिठ्ठी होती: ताई, तुम्ही इतकं बारकाईने वाचलंत, मला फार बरं वाटलं. बाईंनी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये उलटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तक्ता त्यांच्या पुढ्यात होता.

"बाई, रागावू नका, पण हे काय आहे? मी पहिले वीस शेरे वाचले. समास! अहो, समासामुळे आजवर एक तरी झाड मेलंय का?"

"पुढे वाचा ना, साहेब."

"काय वाचू? पुढेही वेलांट्याच असणार. ऑफिसात सगळे काय बोलतात ते मला कळतं हो. तुमचं आणि तिचं..." साहेबांनी वाक्य तिथेच सोडलं. "हे बघा, तिने सगळ्याला उत्तरं दिलीत, तीही सभ्यपणे. हा कागद मी बैठकीत आणत नाही. गप्प मंजुरीत टाकतो."

गप्प मंजुरी ही त्या संस्थेची जुनी रीत. कागद सगळ्यांकडे फिरवायचा, दहा दिवस थांबायचं, आणि कुणी लेखी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. त्या संस्थेत निम्मी कामं लोकांच्या गप्प बसण्यानेच झाली होती.

बाईंनी तोंड उघडलं. साहेब त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात कीव होती. म्हातारीला पोरीचं कौतुक सोसवत नाही, अशी. बाईंनी तोंड मिटलं आणि बाहेर आल्या.

आता बैठक नव्हती, म्हणजे चष्मा पुसणं नव्हतं, काहीच नव्हतं. होते फक्त दहा दिवस. हरकतीचा फॉर्म त्यांनी त्याच दुपारी काढला. त्यात एक रकाना होता: ही बाब आधी स्पष्टपणे का मांडली नाही? फॉर्म त्यांनी परत ठेवला. मग हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि अंगावर काटाच आला. काही केलंच नाही तरी चालण्यासारखं होतं. दहा दिवस गप्प बसायचं. पुढे कधीतरी सुरुंग लागतील, झरा जाईल, चौकशी बसेल. चौकशीत तक्ता निघेल. तपासनिसांनी लिहिलं होतं, मेळ घालावा. सल्लागाराने उत्तर दिलं होतं, नोंद घेतली. शेपूट आयुष्यातून उठेल आणि बाईंच्या अंगाला डाग लागणार नाही. त्यासाठी करायचं काय, तर काही नाही.

हा विचार वाईट आहे हे त्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं. तरी तो त्यांनी सात दिवस सांभाळला.

आठव्या दिवशी वाचन होतं. नियमच होता, की अहवालाचा सारांश त्या गावात जाऊन साध्या भाषेत मोठ्याने वाचायचा, लोकांचे प्रश्न लिहून घ्यायचे आणि तपासनिसाने हजर राहून खाली सही करायची. वाचन वरच्या वस्तीत ठेवलं होतं. बाई जीपमध्ये चढल्या तर सीटवर उशी.

"तुमची कंबर, ताई," शेपूट म्हणाली. "वरचा रस्ता फार खराब आहे."

बाई उशीला टेकल्या. आराम वाटला, त्याचाही राग आला.

वाटेत शेपूटच बोलत होती. "खरं सांगू का ताई, या वेळी मी तीन कामं एकदम घेतली. छाती धडधडत होती, काहीतरी राहिलं असेल म्हणून. मग म्हटलं, ताई वाचणार आहेत ना. राहिलं असेल तर त्या काही सोडणार नाहीत. तुमचे एकाहत्तर शेरे आले तेव्हा कुठे मला शांत झोप लागली."

बाईंनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वस्तीतल्या शाळेची एकच खोली, माणसांनी भरलेली. शेपूट आत शिरली तशी बायका म्हणाल्या, "आलीस का गं?" जणू माहेरवाशीण आली. बाईंकडे सगळ्यांनी पाहुण्याकडे बघावं तसं अदबीने बघितलं. पुढच्या बाकावर काठी घेऊन एक आजी बसली होती, तिचं घर झऱ्याला लागून. तिने पेला भरून बाईंच्या हातात दिला.

"प्या. ही पोरगी म्हणते, तुम्ही आधी पाणी पिता, मग बोलता. हिलाही तुम्हीच लावली म्हणे ही सवय."

बाई प्यायल्या. पाणी गार होतं, दात शिवशिवले.

शेपूटने वाचलं, छान वाचलं, आणि शेवटी म्हणाली, "विचारा काय विचारायचं ते." कुणी झाडांचं विचारलं, कुणी धुळीचं. मग आजी उठली. शेपूटकडे न बघता ती बाईंकडे वळली.

"बाई, हिला आम्ही ओळखतो. तुम्हाला नाही ओळखत. पण ही सांगते, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मग तुम्हीच सांगा. आमच्या पाण्याला काही होणार नाही ना?"

बाईंच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. अहवालात तसा उल्लेख नाही. शब्दाशब्दाने खरं वाक्य. सव्वीस वर्षं लोकांच्या अहवालांत हे वाक्य दिसलं की त्या लाल रेघ मारत आल्या होत्या.

"होईल," त्या म्हणाल्या. "झरा जाईल तुमचा. दगडाची खाण आता नदीकाठी नाहीये. ती तुमच्या झऱ्याच्या वर आलीये. परिशिष्ट नऊ."

 मग खोलीत एकच गलका झाला. "अगं, तू तर म्हणालीस खाण नदीवर!" "आमच्यात बसून जेवलीस, आणि हे?" शेपूटने घाईघाईने मागची पानं उलटली, नकाशाची घडी उघडली. तिचं बोट कागदावर फिरत गेलं आणि थांबलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी... हा मी बघितलाच नाही," ती म्हणाली. "माझी चूक आहे. मी बघायला हवा होता."

बाईंनी डोळे भरून बघावं असंच होतं ते. भर सभेत, सगळ्यांदेखत, शेपूटच्या तोंडचं पाणी पळालेलं. जसं हवं होतं तसंच, तिळभरही कमी नाही. फक्त बाई तिच्याकडे न बघता हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत होत्या.

आजी अजून उभीच होती. "बाई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."



"मग बोलला का नाहीत?"

"लिहिलं होतं. कुणाला दिसू नये असं लिहिलं होतं."

"का बरं?"

बाईंची नजर शेपूटकडे गेली. शेपूट तक्ता काढून वाचत होती. तिने त्रेचाळीसावी ओळ वाचली, वरची समासाची वाचली, खालची फोटोची वाचली, आणि मान वर करून बाईंकडे बघितलं. ती हुशार होती. तिला समजलं. तिच्या डोळ्यांत राग येईल म्हणून बाई वाट बघत राहिल्या, पण डोळे नुसतेच भरून आले, आणि मग तिने ते पुसून इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

वहीत हरकत लिहिली गेली की मंजुरी आपोआप थांबते, हे दोघींनाही माहीत होतं. शेपूटने दहा मिनिटं लिहिलं आणि वही सहीसाठी सरकवली. बाईंनी वाचलं. "वरच्या खाणीमुळे झऱ्यास धोका असल्याची हरकत सभेत नोंदवण्यात आली. ही बाब तपासनीस बाईंनी लक्षात आणून दिली. अहवालातील चूक सर्वस्वी सल्लागाराची." खाली शेपूटची सही.

"हे अपुरं आहे," बाई म्हणाल्या.

"पुरेसं आहे, ताई. झऱ्यापुरतं पुरेसं आहे."

"तीन आठवड्यांचं काय?"

"ते कशाला लिहायचं? सही करा, उतरायला उशीर होईल."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चूकही हिनेच पदरात घ्यायची, आणि मोठेपणाही हिनेच दाखवायचा? कौतुक हिचं, माया हिची, उशी हिची, आणि आता क्षमासुद्धा हिचीच? सगळं या एका पोरीलाच का? निदान एवढं तरी आपण हिला एकटीला घेऊ द्यायचं नाही.

त्यांनी पेन घेतलं आणि शेपूटच्या सहीखाली आपल्या कोंबडीपाय अक्षरात लिहिलं: "तपासनीस यांना ही बाब तीन आठवड्यांपूर्वीच कळली होती. सल्लागाराचा मत्सर वाटल्याने त्यांनी ती मुद्दाम दडवून ठेवली."

शेपूटने वाचलं. "ताई, याने तुमची नोकरी जाईल."

"माझं मी बघेन. तू तुझं बघ."

त्यांनी खाली सही केली, पूर्ण नावाची. आजीने काठी टेकत जवळ येऊन वहीत डोकावलं आणि विचारलं, हे एवढं वाकडंतिकडं कुणी लिहिलंय? बाई म्हणाल्या, मी. वर शेपूटचं अक्षर, खाली त्यांचं. शेपूटचंच चांगलं होतं, आणि बाईंना तेव्हाही त्याचं वाईट वाटलं.